फोनसमोरचा पदर

रविवार संध्याकाळ, धुळे

आज जळगावहून मायकडे आलो, तर ती फोनशी बोलत बसलेली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून मीच तिला फोनला तोंडी सांगायला शिकवलं. आपल्या अहिराणीतलं त्याला काही उमगेना, तेव्हा मीच म्हटलं, "माय, शुद्ध बोल." आता ती फोन लावते, गोळ्यांची आठवण ठेवायला सांगते. शेजारच्या अक्काला हाका मारणं थांबलं. सोय झाली, नाही कसं म्हणू?

पण तो पदर. एरवी घरात खांद्यावर असतो. फोनशी बोलायच्या आधी मात्र ती तो डोक्यावर घेते, तलाठ्यासमोर घ्यायची तसा. मग एकेक शब्द सांभाळत विचारते, "उद्या पाऊस पडेल का?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मला पाहून तिने फोन मांडीवर ठेवला. आजवर दारातच ऐकू यायचं, "बठ्ठं बरं शे ना, भाऊ?" आज म्हणाली, "सगळं ठीक आहे ना?" त्याच सांभाळलेल्या आवाजात. माझ्याशी! पदरही डोक्यावर तसाच. सवय लागली असेल. की मीसुद्धा आता तिला साहेब वाटायला लागलो?

मी मुद्दाम म्हटलं, "बठ्ठं बरं शे, माय."

तिने घाईघाईने मांडीवरचा फोन हाताने झाकला आणि हळूच म्हणाली, "असं नको बोलू. त्याला कळत नाही."