थोरल्याचं करडू

माधवनगर, २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय हंबीरराव,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तू ऊसतोडीचंच सांगत सुटतोस, म्हणून पत्र. आमच्या नव्या पाळकसाहेबांनी गृहपाठ दिलाय : चर्चची पायरी न चढणाऱ्या एकाला प्रभूची एक गोष्ट सांगा. मी तुझं नाव दिलं. शाळेत असताना नाताळला आला होतास. प्रार्थनेला झोपलास नि केकला बरोबर जागा झालास!

भिऊ नकोस, तुझ्या देव्हाऱ्याला मी हात लावत नाही. गोष्ट अशी. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा वाटणी घेऊन परमुलखात गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची पाळी आली. उपाशी परतला, तर बापानं धावत जाऊन मिठी मारली, मेजवानी घातली. थोरला शेतातून आला नि वाजंत्री ऐकून दाराबाहेरच अडला. म्हणाला की इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. बाप त्याला समजवायला बाहेर आला.

एका बाकावर डोलत आपण कविता म्हणायचो ना, तशीच ही मला अजून चालीत ऐकू येते.

तुझ्या मायेचा भुकेला,
सुमंत

पलूस, २ डिसेंबर

सुमंत मास्तर,
नमस्कार वि. वि.

तू लय बेरकी. आमचा धाकटा नानासो परत आलाय, हे तुला कुणी सांगितलं? वाटणीचा मळा विकून पुण्यात हॉटेल काढलं, बुडवलं, अन् दिवाळीपासून विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत पडलाय. मी घरात घेतलेला न्हाई, घेणार न्हाई. आई नव्वदीची, रोज विचारते, नाना जेवला का.

तुझा थोरला मला पटला. राबणाऱ्याला करडूबी न्हाई, हा कुठला न्याय? आमच्या रंगूबाईनं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, बाप शहाणा होता, फक्त त्याच्या हातात काठी पायजे होती.

पण थोरला आत गेला का न्हाई? शेवट दडवलास. मास्तरांची जुनी खोड! कळव.

रागावलो तरी तुझाच,
हंबीरराव

माधवनगर, ९ डिसेंबर

प्रिय हंबीरराव,
सप्रेम सलाम.

शेवट दडवला नाही; तो नाहीच. बाप बाहेर विनवतोय, तिथंच गोष्ट थांबते. पाळकसाहेबांना विचारलं, तर तेही डोकं खाजवू लागले. मी मुलांना 'रिकामी जागा भरा' द्यायचो, तशी प्रभूनं ती थोरल्यांसाठी सोडली असावी.

नानासोचं मला ठाऊक होतं. रंगूवहिनींचाच फोन आला होता. आता आम्हा दोघांना मिळून शिव्या घाल, पण आईंच्या डोळ्यांदेखत ही जागा भर.

शिव्यांसह लोभ मागणारा,
सुमंत

पलूस, १८ डिसेंबर

सुमंता,
नमस्कार.

आई बिऱ्हाड उचलून मोटरीच्या खोलीत गेली. रंगूबाई डबे घेऊन तिच्या मागं. जत्रेसाठी राखलेलं माझं करडू मला न विचारता कापलं! मी घरात एकटा, शिळी भाकरी अन् ठेचा. वास पार अंगणापर्यंत. शेवटी बांधावर जाऊन उभा राहिलो. आई काठी टेकत बाहेर आली. विनवणी कसली! म्हणाली, तुझंच करडू शिजलंय, खायचं तर आत ये, मी ताट बाहेर आणणार न्हाई. नानासो तिच्या मागं मान खाली घालून उभा.

पाळकसाहेबांना सांग, प्रार्थनेचं बघू, केकला मात्र नक्की येतो. या खेपेला दोघं भाऊ.

त्या खोलीचं दार लय ठेंगणं हाय गड्या. वाकूनच जावं लागलं.

तुझा,
हंबीरराव