दिवा हिरवा आहे

सोमवार, ६ जानेवारी

पोचले. मिरजेहून निघताना आईने डब्यात इतकं कोंबलं होतं की डहाणू रोडला उतरले तेव्हाही मी दशमी चावतच होते. मसोलीत खोली मिळाली आहे. खोली बारकी, पण पंखा मोठा. घरमालकीण गुजराती-मराठीची अशी मिसळ बोलते की मी नुसती मान डोलावत राहिले आणि त्या भरात दोन्ही वेळच्या जेवणाला होकार देऊन बसले. चांगलंच झालं.

दुपारी जीपने जाऊन रानशेतच्या पुढचा कारखाना बघून आले. तिथे चिकूच्या चकत्या वाळवतात. फाटकातच वास येतो, गुऱ्हाळात शिरल्यासारखा. भट्ट्या गॅसवर चालतात, आणि विमावाल्यांनी अट घातली म्हणून गॅसच्या खोलीत गळती ओळखणारं यंत्र बसवायचं आहे. बसवायचं, लोकांना शिकवायचं, मालक धनेशभाईंची सही घ्यायची आणि परत. आमच्या कंपनीत अशा कामावर एकटी फिरणारी बाई मीच, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आजही सांगितलं.

सोलणाऱ्या बायकांची मुकादम भिकी. चिकूच्या चिकाने तिचे हात कायमचे तपकिरी झालेत. तिने एक चिकू हातानेच दुभंगून मला अर्धा दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. मी मॅडम म्हणवून घ्यायच्या तयारीत होते, पण तिने पहिल्या वाक्यातच मला बाय करून टाकलं.

बुधवार, ८ जानेवारी

गॅसची खोली मला आवडलेली नाही. जागा उताराची, म्हणून खोली अंगणाच्या पातळीखाली खणलेली. पायऱ्या उतरून एका खड्ड्यात जायचं, तिथे जाड लोखंडी दार, दाराच्या दोन्ही अंगांना जमिनीलगत झरोके. आत भरलेल्या सिलिंडरांची रांग आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत रिकाम्यांचा पिंजरा, छताला जेमतेम दोन हात कमी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा खाली साचतो. तो असल्या खड्ड्यात ठेवूच नये. धनेशभाई म्हणाले, पुढच्या वर्षी वर शेड बांधायचीच आहे. पुढचं वर्ष हे सगळ्या मालकांचं आवडतं वर्ष असतं.

म्हणूनच सेन्सर मी गुडघ्याच्याही खाली बसवला. त्याच्यावर आकड्याचा छोटा उजळ पडदा आहे. तिथून तार वर अंगणात, पायऱ्यांच्या तोंडाशी लावलेल्या पॅनलला. पॅनलवर हिरवा दिवा, लाल दिवा, बिघाडाचा पिवळा दिवा आणि भोंगा. वीज गेली तरी ते बॅटरीवर चालतं. शेजारीच जनरेटर आहे. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो आणि मग माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

सेन्सरच्या पोटात बाजरीच्या दाण्याएवढा तापलेला मणी असतो. हवेत गॅस आला की तो मण्यावर जळतो, मणी आणखी तापतो, आणि आकडा चढतो. स्फोटाला लागणारं कमीत कमी प्रमाण म्हणजे शंभर. विसालाच भोंगा वाजतो आणि भट्ट्यांचा गॅस आपोआप बंद होतो. आज चाचणीचा गॅस सोडून बघितलं, भोंगा असा कोकलला की रखवालदार काकड्यामामांच्या हातातला चहा धोतरावर गेला. मला हे काम खरंच फार आवडतं.

नियमही घालून दिला. खाली जाताना मोबाइल पॅनलखालच्या टोपलीत ठेवायचे, मालकांनीसुद्धा.

शुक्रवार, १० जानेवारी

आज शिकवणी घेतली. भिकीने आधीच शंका काढली. म्हणाली, आजवर गॅस सुटला की आमच्या नाकालाच कळला, आता नाक काय कामातून गेलं? मी म्हटलं, नाकाला सर्दी होते, नाक वासाला सरावतं, यंत्राला यातलं काही होत नाही. तिच्या नाकातल्या चमकीवरूनही थोडी चेष्टा केली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग सगळ्यांकडून म्हणून घेतलं: नाकावर जाऊ नका, दिव्यावर जा. हिरवा म्हणजे शून्य, शून्य म्हणजे भीती नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. गॅस फारच साचला, इतका की जळायला हवाच उरली नाही, तर मण्यावरही काही जळत नाही आणि आकडा उलटा शून्यावर येतो. म्हणजे शून्य दोन प्रकारचं असतं. पण तिथवर जाताना आकडा शंभर ओलांडतो आणि लाल दिवा अडकून राहतो, पॅनलची किल्ली फिरवल्याशिवाय विझत नाही. त्यामुळे फसायची भीती नाही. शिवाय जेवायची वेळ झाली होती आणि भिकीने चुलीवर बोंबील भाजले होते. पुढच्या वेळी सांगेन.

सोमवार, १३ जानेवारी

आज पहिला धक्का अनुभवला. इथे काही वर्षं जमीन अधूनमधून हलतेच, हे ऐकून होते, पण ऐकणं निराळं. आधी खालून गडगडलं, मग खुर्ची सरकली. मी टेबलाखाली, आणि बायका चिकू सोलतायत. भिकीने सांगितलं की फार झालं की ते अंगणात झोपतात, एरवी कोण उठतंय.

पण मणी हादरला आणि भोंगा वाजला. लाल दिवा अडकला, भट्ट्यांचा गॅस तुटला आणि मी किल्ली फिरवेपर्यंत अख्खा घाणा वाया गेला. धनेशभाई आवाज न चढवता म्हणाले, मॅडम, हे यंत्र चिकू वाचवायला आणलंय की मारायला. आठवडाभर खोटा भोंगा वाजला नाही तरच सही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पहाटे पुन्हा दोन धक्के, पुन्हा भोंगा, पुन्हा घाणा वाया. भिकीने तीळगूळ दिला. धनेशभाईंना मी गोड बोला म्हटलं, त्यांनी वाया गेलेल्या चकत्यांचं वजन सांगितलं.

शेवटी दिवा अडकायची सोय मी बंद केली. आता आकडा उतरला की दिवा आपोआप हिरवा होतो, भोंगा थांबतो, भट्ट्या चालू राहतात. पुस्तकात लिहिलंय की असं करू नये. पुस्तक लिहिणाऱ्याला धनेशभाई भेटलेले नाहीत. सगळ्यांना सांगून ठेवलं की धक्क्याने वाजला तर घाबरू नका, आपोआप थांबला म्हणजे काही नव्हतं.

मनाला जरा लागून राहिलं आहे. पण सही हवी आहे आणि घरी जायचं आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

आज सिलिंडर बदलताना थोडा गॅस सुटला आणि वास वर आला. दोन बायका पाट्या टाकून उठल्या. मी बोलणार, तेवढ्यात भिकी पॅनलपाशी गेली, दिवा बघितला आणि त्यांना म्हणाली, बसा खाली, दिवा हिरवा हाय, नाकावर नको जाव. माझ्याच सुरात. मला इतका आनंद झाला की आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, तू शाळेत शिकवायलाच जायला हवं होतंस.

शनिवारी शेवटची चाचणी, सही, आणि संध्याकाळची गाडी.

शनिवार, १८ जानेवारी

नीट लिहायचा प्रयत्न करते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

शेवटच्या चाचणीसाठी मी एकटीच खाली उतरले होते. मोबाइल टोपलीत, माझाच नियम. ही वही खिशात. चाचणी झाली, भोंगा वाजला, थांबला. हत्यारं आवरत होते तेव्हा गडगडलं. या वेळी थांबेना. बाहेर पायऱ्यांच्या खड्ड्याची भिंत दारावर कोसळली. चौकट वाकली, दार जाम झालं. झरोके दगडमातीने बुजले. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला.

मला लागलेलं नाही. पण सिलिंडरांची रांग आडवी झाली आहे आणि एकाची नळी तुटली आहे. हात पोचले तेवढ्यांच्या चाव्या बंद केल्या. ते नळी तुटलेलं सिलिंडर खाली दबलंय. त्याचा फुसकारा ऐकू येतो.

मी रिकाम्यांच्या पिंजऱ्यावर चढून छताला टेकून बसले आहे. मागच्या कोपऱ्यात छत आणि भिंत यांच्यात बोटभर फट पडली आहे, तिथून उजेड आणि थोडी हवा येते. खाली सेन्सरचा पडदा दिसतो. पंधरा. एकवीस. वर भोंगा वाजायला लागला. वाजू दे. कळू दे त्यांना.

थोड्या वेळाने

आकडा शंभरावर गेला. नंतर उतरायला लागला. आधी मला हसू आलं, वाटलं गळती थांबली. पण फुसकारा चालूच आहे.

साठ. तीस. शून्य.

भोंगा थांबला. वर दिवा हिरवा झाला असणार. हे ते दुसरं शून्य आहे. ज्याबद्दल सांगायचं राहून गेलं.

खाली गॅसच गॅस. मी बसलेय तिथे हवा आणि गॅस मिसळलेले आहेत, म्हणजे पेटायला अगदी हवं तसं. एक ठिणगी पुरे.

फटीपाशी तोंड लावून ओरडले. तिकडे फक्त चिकूची झाडं. वहीचं पान फाडून त्यावर गॅस, ठिणगी नको, असं लिहिलं आणि बाहेर सरकवलं. वाऱ्याने नेलं.

नंतर

दारापाशी माणसं आली आहेत. चौकट वर जिथे वाकलीय, तिथून त्यांचं ओरडणं कळतं. मी ओरडले. त्यांना नुसता आवाज पोचला, शब्द नाही. भिकी जोरात म्हणाली, बाय जिती हाय. सगळे खूश झाले आणि जोराने दगड उपसायला लागले. घसा बसला आहे. जितकी ओरडेन तितकी ते घाई करतील.

तार उपटली तर वर बिघाडाचा पिवळा दिवा लागेल. पण चालू तार तोडली की ठिणगी.

धनेशभाईंचा आवाज. चारोटीहून उमेश वेल्डरला बोलावलंय. ग्राइंडर घेऊन येतोय. बिजागऱ्या कापणार.

ग्राइंडर —

पुन्हा

सुचलं. खालच्या गॅसमध्ये वरची हवा मिसळली तर मणी पुन्हा जळेल. ओढणी सुती आहे, नायलॉनची असती तर तिनेच ठिणगी पाडली असती. श्वास धरून उतरले आणि सेन्सरवर वरून खाली ओढणी हलवत राहिले. शून्य. शून्य. आठ. तीस. सत्तर. वर भोंगा वाजला. मी रडले. बाहेर दगड उपसणं थांबलं.

छाती फुटायला आली. वर चढले. उलटी झाली.

मी हलवायची थांबले तसा आकडा पडला. भोंगा बंद. आपोआप.

बाहेर भिकी कुणालातरी समजावते आहे. जमीन हललीय म्हणून वाजला, आपोआप थांबला म्हंजे काय नाय, बायनं सांगलंय.

आपलेच दात, आपलेच ओठ.

अडकून राहिला असता दिवा. किल्लीशिवाय विझला नसता. मी —

उमेश आला. दगड निघाले, झरोका मोकळा झाला, पायाशी उजेड आला. म्हणजे गॅसही बाहेर, त्यांच्या पायांत. जा ना रे. दूर जा सगळे. हाताने दार वाजवलं. लोखंड आहे, नको वाजवायला. त्यांना वाटलं मी घाई करा म्हणतेय.

परत उतरायला हवं. हलवत राहायला हवं. खालीच राहिले तर भोंगा वाजत राहील. पाय ऐकत नाहीत. बोटांत पेन्सिल राहत नाही. आईच्या डब्याचं झाकण आठवतंय. का —

उमेशला वास आला. तो म्हणतोय, वास येतोय, मी ग्राइंडर नाही लावणार. शहाणा आहे. नको लावू. देवा, नको लावू दे त्याला.

भिकी त्याच्यावर चिडलीय. रडतेय. आमची बाय आत मरंल आन् तू नाक घेऊन बसलास. काकड्यामामांना विचारतेय, दिवा बघा. मामा वरून ओरडले.

हिरवा.

ग्राइंडरची वायर जोडतायत —

उतरते. एकदाच. ओढणी कुठे —

भिकी म्हणतेय त्याला, नाकावर नको जाव, दिव्यावर

नाही. भिकी, नाही. मी चुकले. वास खरा आहे. भिकी, तुझं नाक