नागव्वाच्या कायमच्या पत्त्याबद्दल

मी राजशेखर लिंगाप्पा, वय तेवीस, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलेला, राहणार खजुरी, तालुका आळंद, जिल्हा कलबुरगी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि सकाळपासून एकदाही न चिडता, हे लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी सोलापूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात बरा होशील. न झालो तर पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम एक. वेशीजवळचे तीन खोल्यांचे घर माझ्या आईने, सुगंधाबाईने, शिवणकाम करून घेतले व हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. चुलते शिवशंकरप्पा यांचा त्यात हक्क नाही. त्यांना तिथे खताचे गोदाम करायचे आहे. हे घर मी अक्कम्मांच्या निराधार महिला आश्रमाला देतो. एकोणीस म्हाताऱ्या सोमवारपासून तिथे राहायला आल्याच आहेत. मी मेलो म्हणून त्यांना कोणी कुलूप दाखवू नये.

कारण सांगतो, नाहीतर चुलते वेडा ठरवतील. आश्रमाचे धान्य-औषध बेंगळुरूच्या एका खाजगी प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चालते. अर्ज मी भरतो. यंदा प्रत्येकीला विचारले, "आज्जी, गाव कंचं?" आणि सांगितले ते लिहिले: मुरूम, नळदुर्ग, उमरगा. आमच्याकडच्या बाईला गाव विचारले तर ती माहेर सांगते, सासरी साठ वर्षे काढली तरी. सासरने हाकललेली तर त्या गावाचे नावही घेत नाही. हे मला कळायला हवे होते. माहेरे सगळी महाराष्ट्रात, आणि अनुदान फक्त कर्नाटकात राहणाऱ्यांना. अर्ज परत आला. वर आश्रम भाड्याच्या शेडमध्ये, अकरा महिन्यांच्या करारावर. तो कायमचा पत्ता धरत नाहीत.

मी प्रतिष्ठानाच्या मंजुश्री मॅडमना फोन लावून ओरडलो, "भूक काय हद्द बघून लागती का?"

त्या बिदरकडच्या भालकीच्या, बोली आमचीच. म्हणाल्या, "कामून वरडायलाव? झालं का वरडून? आता ऐका." मग सांगितले की प्रतिष्ठानच एका गिरणीवाल्याच्या मृत्युपत्रातून निघाले. ना मूल, ना बाळ. त्याने लिहून ठेवले, या राज्यातल्या निराधारांना जेवू घालावे. तो जाऊन चाळीस वर्षे झाली. "त्या माणसाचं वाक्य मलाबी मोडता येत न्हाई."

फोन ठेवून मी शेडच्या पायरीवर बसलो. आत बायका गेल्या अनुदानातले उरलेले जेवत होत्या. ज्याने खजुरीचे नावही कधी ऐकले नसेल, त्याच्या एका वाक्यातून आश्रमातल्या नागव्वाच्या ताटात डाळ पडत होती. हद्द त्याच वाक्याने आखली होती आणि भातही त्यानेच वाढला होता. मेलेल्या माणसाच्या कागदात एवढे बळ असेल, तर माझ्याही कागदात थोडे असेल. दुसऱ्या दिवशी घर झाडून काढले आणि त्या पत्त्यावर अर्ज पुन्हा भरला.

कलम दोन. लॅपटॉप, अर्जाची फाइल व पासवर्डची वही आरोग्य केंद्राच्या नर्स शैलश्री यांना. त्यांची कानडी चांगली आहे व त्या ओरडत नाहीत. दर बुधवारी त्या म्हाताऱ्यांचे बी.पी. बघायला येतात, आणि दर बुधवारी माझी छाती धडधडायची. मला वाटायचे, ते दुसऱ्याच कारणाने. एकदा गंमत म्हणून त्यांनी माझ्याही छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "राजू, हे बरोबर वाजत न्हाई. उद्याच आळंदला दाखव." त्यांना लिहिलेली, न दिलेली बारा पत्रे फाइलच्या शेवटी आहेत. वाचायची की चुलीत घालायची, त्यांची मर्जी.

कलम तीन. क्रिकेटची बॅट अनिलकुमारला देणार होतो. कॉलेजच्या भिंतीवर त्याने शैलश्रीचे नाव लिहिले, मी त्याला मारले, आणि कॉलेज सुटले ते माझे. पण साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे, आणि साक्षीला तोच धावत आला. मी विचारले, "तू कामून आलास?" तर म्हणतो, "तू मेलास तर माझा मार कोण परत घेणार?" बॅट घरातच राहू द्यावी.

कलम चार. हे सर्व पार पाडण्याचे काम रेवणसिद्धप्पा गुरुजींकडे. चुलत्यांना न घाबरणारे गावात तेवढेच.

शेवटचे. काल मंजुश्री मॅडमचा पडताळणीचा फोन आला. नियमाप्रमाणे त्या थेट म्हाताऱ्यांशीच बोलल्या, फोन स्पीकरवर. पहिली नागव्वा, वय ऐंशीच्या वर. मी तिला काहीही पढवले नव्हते. अक्कम्मांनी शपथ घातली होती.

"आज्जी, गाव कंचं?"

नागव्वाने दाराकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "खजुरी."

"आन् माहेर?"

"तेबी खजुरीच. लेकराचं घर हाय हितं."

पलीकडून मॅडमनी टाइप केल्याचा आवाज आला. तो मी पुरता ऐकला.

गुरुवारनंतर मी परत आलो तरी घर त्यांचेच राहावे. मला ओसरी पुरे.

लिहून देणार: राजशेखर लिंगाप्पा (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली:
१. रेवणसिद्धप्पा, निवृत्त शिक्षक, खजुरी (सही)
२. अनिलकुमार, खजुरी (सही, भांडण शिल्लक)

खजुरी, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४