मुंग्यांमागची अक्षरं

४ मार्च, मंगळवार

मुंग्यांचं औषध! ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात मुंग्यांचं औषध फवारलं त्या बाईने! मी दुकानात काय सांगितलं होतं — "चित्रात मुंग्या फार आहेत, काही दिसत नाही." टीव्हीवर ठिपके वळवळतात त्याला सगळं जग मुंग्याच म्हणतं. दुरुस्तीवाला जेवायला गेलेला, दुकानात त्याची बायको. तिने 'मुंग्या' एवढंच ऐकलं. झाकण काढून फुस्स! वर मलाच सांगते, "मावशी, एकही दिसली नाही हो, पण मेल्या सगळ्या."

म्हटलं, "तुझ्या डोक्यातल्या मार आधी!"

दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला. आता पुसून वाळवतोय. म्हणे चार दिवस थांबा. चार दिवस! घरी हे रिकाम्या टेबलावर डावा हात आपटत बसलेत त्याचं काय?

५ मार्च

झटका येऊन पाच महिने झाले. ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. हातात पेन राहत नाही. फोन दिला तर भिरकावतात, एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. फक्त लग्नाआधी घेतलेला तो जुना कॉम्प्युटर हवा. कीबोर्डमध्येच सगळं मशीन, मागून वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात. दिवसभर डाव्या हाताने टकटक टकटक. संध्याकाळी मी बटण बंद केलं की ओरडतात. मी म्हणते, "पुरे आता! डोकं उठलं माझं!"

मुलीचा फोन आला. "आई, बाबांना आता काही कळत नाही गं. त्या संस्थेत जागा झालीये. नर्स आहेत, सगळं आहे."

"कळतं त्यांना."

"कशावरून?"

कशावरून! सत्तावीस वर्षं संसार केला मी! टीव्हीवर काय उमटतंय ते दिसलं तर उत्तर देईन ना. म्हणून तर त्या दुकानाची पायरी चढले.

६ मार्च

मशीन नाही. जेवले नाहीत. अंथरुणावर उचलून घेताना माझ्या कंबरेत अशी चमक निघाली की भिंत धरून उभी राहिले.

८ मार्च, शनिवार

दुकानात गेले. औषध साफ झालं, मशीन चालू आहे, पण मुंग्या तशाच. दुरुस्तीवाल्याने आतली पत्र्याची डबी दाखवली. "मावशी, मशीनमधून चित्र स्वच्छच निघतं. ही डबी त्याला टीव्हीच्या चॅनेलवर चढवते, तिथे घाण होतं. हिला वगळून थेट वायर काढतो. मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकतो, जोर यायला. टीव्हीला पिवळी पिन लावायची, झालं."

"मग कर की! मुहूर्त बघतोस?"

"वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा म्हणजे जोखीम आली. आतली चिप गेली तर आता कुठे मिळत नाही. मशीन मेलं समजायचं."

मेलं तर ह्यांना काय तोंड दाखवू? तरी म्हटलं, कर. नुसती टकटक ऐकत बसायची तर ते मेल्यातच जमा आहे.

बायकोने चहा विचारला. नाही म्हटलं. नंतर वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार

आणलं. जोडलं. काचेसारखं! एक मुंगी नाही! ह्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश एकेक बटण दाबायला लागले.

मी चौथीपर्यंतच शिकलेली. पण लाँड्रीत कामाला होते तेव्हा चादरींवरचे शिक्के वाचून इंग्रजीतली मोठी अक्षरं ओळखते. ह्या मशीनवर सगळी मोठीच. पी. ए. टी. एच. पथ? पाथ? कसला पाथ? पुढे डी, यू, के... बोट ठेवून ठेवून लावलं. पाठ. दुखते.

"पाठ दुखते?" मी विचारलं. डावा हात मांडीवर आपटला — हो, हो, हो!

मी पाच महिने त्यांना त्याच पाठीवर निजवत होते.

१० मार्च, पुन्हा

झोपायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर छातीवर बसेल. दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं, बटण बंद केलं की लिहिलेलं कुठे जातं? "कुठे नाही, मावशी. पुसलं जातं." आणि प्रत्येक ओळीखाली मशीन काहीतरी बडबडतं, ते काय? "ते म्हणतंय, मला हे कळलं नाही."

म्हणजे तो माणूस रोज सांगत होता. मशीन म्हणायचं कळलं नाही, मी म्हणायचे पुरे आता. आणि रोज संध्याकाळी ह्याच हाताने त्यांचं तोंड दाबलं मी. पाच महिने.

११ मार्च

बटण बंद केलं नाही. मशीन तापलं, तापू दे.

१३ मार्च, गुरुवार

मुलगी आली. तिच्यासमोर ह्यांनी लिहिलं, 'जाड झालीस.' ती हसली, मग जमिनीवर बसून ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. जाताना म्हणाली, "संस्थेचं नाव काढणार नाही आता. पण जागा अजून भरली नाही, त्यांना मंगळवारपर्यंत कळवायला हवं."

म्हटलं, "उद्याच कळव. नको म्हणून." जिंकले मी!

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी ह्यांनी माझी बाही ओढून मला टीव्हीसमोर बसवलं. तासभर लिहीत होते. मी तीनदा वाचलं. अक्षर लावायला चुकले नाही. आहे तसं उतरवते —

'नको म्हणून कळवू नका. ती जागा घे. मला तिथे जायचंय. मला उचलून उचलून तू मोडशील. रात्री कण्हतेस ते ऐकतो. रडायचं नाही. मंगळवारपर्यंत हो की नाही सांग.'