चार इंचांची माया

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण साडू.

काल तो सहकुटुंब येऊन गेला. त्याची मुलगी आमच्या बिट्टीपेक्षा आठ महिन्यांनी लहान आणि डोकंभर उंच. साडूने दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला की अरेरे. बस, एवढंच. मेहुणीने विषय बदलला, बायकोने बिस्किटांची बशी पुढे केली. मी मात्र ते 'अरेरे' गिळलेलं नाही. माझ्या घरात, माझ्या कपातून चहा पिऊन, माझ्या लेकीला अरेरे?

ठराव : सहा महिन्यांत बिट्टी चार इंच वाढेल. नऊ वर्षांची आहे, हेच वय असतं. मी शिंपी आहे, वीस वर्षं गावाची मापं घेतोय. उंची म्हणजे काय ते मला साडूने शिकवू नये.

४ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या चौकटीवर शिवणाच्या खडूने रेघ मारली. १२३ सेंटिमीटर.

बायको म्हणाली की पोरगी ठणठणीत आहे, तिला चोरासारखी भिंतीला टेकवू नका. शिवाय आपण दोघं तरी कुठले ताडमाड. मी म्हणालो की स्वतःपुरतं बोल. मी पाच फूट सात आहे. लग्न ठरताना सांगितलं होतं, अजूनही तेच आहे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं (वेळ कमी लागला) आणि भांडी घासायला गेली.

९ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

लोंबकळण्यासाठी दारात पडद्याचा रॉड ठोकला. आधी स्वतः लोंबकळून दाखवलं. रॉड खाली आला. त्याच्याबरोबर हातभर प्लास्टर आणि मी.

कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून लिहितोय. पद्धत बरोबर आहे, रॉड हलका निघाला. बिट्टी हसून हसून लोळली. हसण्यानेही अंग ताणलं जातं.

१८ फेब्रुवारी

रेघ सव्वाशेवर!! दोन आठवड्यांत दोन सेंटिमीटर! दोरीच्या उड्या, दोन वेळा दूध, आणि बापाची जिद्द. लगेच साडूला फोन लावला. त्याचा आवाज पडलेला वाटला. माझा अजिबात नव्हता.

दुपारी

बायकोने दाखवून दिलं की आज पोरीने केसांचा बुचडा डोक्यावर बांधला होता. तो सोडला. १२३.

फोन झालेला आहे. आता शब्द मागे घेणं माझ्या स्वभावात नाही.

२६ फेब्रुवारी, दुकान

शाळेच्या गणवेशांचं काम जोरात. शेजारपाजारच्या पोरी स्कर्ट आणतात, खालची दुमड उसवून लांबी वाढवून नेतात. एकेकीची वर्षाला दोन बोटं. आणि मला एकदम आठवलं की बिट्टीचा स्कर्ट मी दोन वर्षांपूर्वी शिवला, त्याला पाच बोटं दुमड ठेवली, आणि आजपर्यंत एक टाका उसवावा लागलेला नाही. दोन वर्षांत एक टाका नाही!

कापण्यात चूक नव्हती. तिचं माप घेतलंच नव्हतं, चुकेल कसं? घरच्या पोरीला टेप लावायची गरज नसते, बापाच्या नजरेत असतं. पोरगी उंच होणार हे धरूनच कापला होता.

संध्याकाळी बायकोला सांगून टाकलं. डॉक्टर. लगेच. ती नको म्हणाली, पण या घरात मापाचं मला कळतं.

२ मार्च

डॉक्टरीणबाई हुशार वाटल्या. त्यांनी मान वर करायच्या आत मी खुर्चीत बसून घेतलं होतं. बिट्टीची उंची मोजली, वजन केलं, एका तक्त्यावर ठिपका दिला. मग आईबापाची उंची विचारली. बायको म्हणाली की पाच-एक. मी म्हणालो की पाच-सात. बायकोला ठसका लागला.

बाईंनी आकडेमोड केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या की तुमच्या उंचीच्या मानाने हिचा ठिपका बराच खाली पडतोय. काही नसेलही, पण बघून घेऊ. रक्त तपासा, हाताचा एक्स-रे काढा. मी म्हणालो की बघा! मी सांगत नव्हतो?

बाहेर आल्यावर बायको म्हणाली की अहो, अजून वेळ आहे, आत जा आणि खरा आकडा सांगून या. मी तिला शांतपणे समजावलं. आमच्या धंद्यात नुसतं माप कुणी कापत नाही, शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माया नसेल तर कपडा फाटतो. तसंच माणसाचंही. चार इंच माया धरली म्हणून कुणाचं काय बिघडलं?

वाटभर ती माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. पटलं असावं.

५ मार्च

रक्त दिलं. शीर सापडेना, म्हणून दोनदा टोचलं. बिट्टी रडली नाही. ओठ आत ओढून घेतले आणि माझा अंगठा असा दाबून धरला की अजून ठणकतोय.

मला जरा घेरी आली. सकाळचा चहा राहिला होता. नर्सने आधी मला पाणी दिलं, मग तिला कापसाचा बोळा.

८ मार्च

बिट्टीने विचारलं की मला काय झालंय. मी म्हणालो की काही नाही. मग ती म्हणाली की काही नाही तर सुई कशाला. मी दूध पी म्हणालो.

वर्गशिक्षिकेचा निरोप आलाय. पहिलीपासून बिट्टी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे असते आणि 'सावधान' तीच ओरडते. मैदानाच्या पलीकडे ऐकू जातं. या आठवड्यात तिने स्वतःहून शेवटी उभं राहायला मागितलं. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली की पुढे उभं राहिलं की सगळ्यांना दिसतं मी आजारी आहे ते.

चांगलं लक्षण आहे. परिस्थितीची जाणीव झाली, आता जिद्द येईल.

 

१४ मार्च

रिपोर्ट आले. रक्त उत्तम. हाताची हाडं वयाप्रमाणे. मग मी साडूला काय सांगू?

डॉक्टरीणबाईंचा बायकोला फोन. म्हणाल्या की सगळं ठीक आहे आणि तरी गणित जुळत नाही, हे काही बरोबर नाही. पुढची तपासणी म्हणजे दिवसभर दवाखान्यात झोपवून दर अर्ध्या तासाला रक्त. त्याआधी उद्या सकाळी बिट्टीला घेऊन दोघांनी या, मी स्वतः मोजते.

मी म्हणालो की उद्या जमणार नाही, चाळीस गणवेश द्यायचेत. तपासणी करून टाकू, त्यात काय.

बायको उठून समोर उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'अहो' नाही, काही नाही. म्हणाली की उद्या चल. नाहीतर मी फोनवर सांगते.

मी कुणाच्या धाकाने जात नाहीये. मलाही उद्या तिकडे काम होतंच.

१५ मार्च, सकाळी ७

तयारी पूर्ण. बूट काढायला लावणार, हे मला कळतं. म्हणून मोज्यांत बकरम. कॉलर ताठ राहायला घालतो ते. दोन्ही पायांत आठ-आठ पदर, टाचेच्या आकाराचे कापून. काम इतकं सफाईचं झालंय की कुणाला दाखवता येत नाही याचं वाईट वाटतं.

दुपारी ३

मोजेही काढायला लावतात.

बकरम फरशीवर पडलं. दोन्ही पायांचं. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि भिंतीवरची मोजपट्टी वर सरकवली. बायकोने उचलून पर्समध्ये टाकलं.

मी भिंतीला टेकलो. डोक्यावरची पट्टी खाली आणायचं काम बाईंनी बिट्टीला दिलं, स्टुलावर उभं करून. तिने पट्टी माझ्या टाळूला टेकवली. मी मान ताणली तर म्हणाली की बाबा, हलायचं नाही. मग आकडा वाचला. रांगेपुढे ओरडते त्याच आवाजात. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांनीही ऐकला असणार.

एकशे साठ. म्हणजे पाच-तीन.

आकडेमोड पुन्हा झाली. बिट्टीचा ठिपका जिथे असायला हवा, तिथेच बसला. बाई म्हणाल्या की पोरगी अगदी तुमच्या दोघांवर गेलीय, पुढची तपासणी नको. मी म्हणालो की माणूस सकाळी जास्त उंच असतो. त्या म्हणाल्या की आत्ता सकाळचे दहाच वाजलेत.

घरी येताना बिट्टीने विचारलं की म्हणजे ती सुई मला तुमच्या चार इंचांमुळे टोचली का.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मायेचं समजावता आलं असतं. साडूचं नाव घेता आलं असतं.

हो म्हणालो.

१६ मार्च, दुकान

बिट्टीला दुकानात आणून टेप लावला. दोन वर्षं उशिरा. कंबर, लांबी, सगळं. तेव्हा कळलं की स्कर्ट ती दोन वर्षं कमरेशी घड्या मारून, वर पिन लावून घालते. नाहीतर नडग्यांवर यायचा. सुरुवातीला चार घड्या होत्या म्हणे, आता दोनच लागतात. पोरगी वाढतच होती. मी दुमडीकडे बघत बसलो होतो.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली की तुम्ही म्हणाला होता, माप बरोबर आहे.

नवा कापला. नेमका गुडघ्यापर्यंत. दुमड दोन बोटं, बाकीच्या पोरींना ठेवतो तेवढीच.

मग ती गिऱ्हाइकांच्या मापांची वही घेऊन बसली आणि म्हणाली की आता तुमचं. मी सांगितलं की एकशे साठ लिही, आणि जमलं तर अर्धा वर. ती म्हणाली की बाबा, बूट काढा.

सोमवारपासून रांगेत पुन्हा पुढे उभी राहणार आहे. आवाज बसलाय का बघते म्हणाली आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून 'सावधान' ओरडली. समोरच्या दुकानदाराने वळून बघितलं.

मी ताठ उभा राहिलो. अनवाणी. अर्धा मिळाला नाही.