आपला ओरखडा

अरे,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

काल तुझ्या दुकानात ती जुनी फ्रेंच डिस्कोची रेकॉर्ड वाजत होती. भंगारातून ती मी शोधून काढली होती, आणि तू गिऱ्हाइकांना "माझा शोध" म्हणून सांगत होतास. तेही गिळलं. मग तू बायकोला नाचायला ओढलंस.

पूर्वी आपण दोघं नाचता नाचता टेबलाला धडकलो, तेव्हा रेकॉर्डवर ओरखडा पडला होता. तिथे सुई उडी मारायची, म्हणून आपणही मारायचो. काल सुई उडाली आणि तुझ्या बायकोनेही नेमकी तेव्हाच उडी मारली. हसत, सवयीने!

गाणं खुशाल दे तिला. ओरखडा तरी माझा ठेवायचास!

हे पत्र पाठवत नाही. तेही तिला वाचून दाखवशील.

दारातूनच परतलेली