एडविन क्लेमोचे बूट आणि माझे घर

मी, लव्हडे चेनोवेथ, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा बूटदुरुस्ती व किल्ल्या कापणे, राहणार सात, फोर स्ट्रीट, पोर्थकॅरो, कॉर्नवॉल, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते आज राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझा भाचा डेन्झिल यास माझ्या डोक्याविषयी शंका आल्यास त्याने सोबत जोडलेले डॉक्टर नँकिव्हेल यांचे पत्र वाचावे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी न अडखळता शेवटपर्यंत गेले. मला कोणी दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही, आणि हे लिहिताना मी चहाखेरीज काही प्यालेले नाही.

कलम १. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. विशेषतः २०११ सालचे, ज्यात हे घर डेन्झिलला जायचे होते. तेव्हा तो दर रविवारी यायचा, माझ्यासाठी केशराचे बन आणायचा. हल्ली येतो तेव्हा खोल्या मोजायची टेप आणतो.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील मेरिन ऑड्गर्स यांनी करावी. मेरिनचे म्हणणे असे की मृत्युपत्रात कारणे लिहू नयेत, कारणांवरून भांडणे होतात. मी तिला सांगितले की भांडण होणारच आहे, तर निदान खऱ्या कारणावरून होऊ दे.

कलम ३. सात, फोर स्ट्रीट हे माझे घर, म्हणजे तळमजल्यावरचे दुकान, वरच्या दोन मजल्यांवरच्या पाच खोल्या, माळा आणि मागची परसदारची मोरी, हे सर्व मी बंदर निवारा ट्रस्ट यास देते. हा ट्रस्ट आमच्या चॅपलमधल्या सात बायकांनी काढला आहे. त्यांच्यातल्या तिघींशी माझे पटत नाही, पण त्या कामाला चोख आहेत. ज्यांना छप्पर नाही अशा माणसांना या खोल्या राहायला द्याव्यात. रात्रीपुरत्या नव्हे, राहायला. अटी पुढीलप्रमाणे.

आधी किल्ली, मग चौकशी. माणूस पितो का, प्रार्थना करतो का, कागद जवळ आहेत का, हे किल्ली हातात देण्याआधी विचारू नये. दिल्यानंतरही विचारण्यापूर्वी चहा द्यावा. पिणारा माणूस दाराच्या आत आला की कमी पितो की नाही, हे मला ठाऊक नाही. पण बाहेर ठेवल्याने कोणी कमी प्यायल्याचे मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पाहिलेले नाही.

सकाळी सातला कोणाला बाहेर काढू नये. भिंतीवर नियमांची पाटी लावू नये. आणि हे घर, त्यातली एकही खोली, एका आठवड्यापुरतीही पाहुण्यांना भाड्याने देऊ नये. दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची ती किल्लीची डबी ठोकायला आलेल्या माणसाला परत पाठवावे. फोर स्ट्रीटवर एकवीस घरे आहेत. नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत त्यातल्या सहांत दिवा लागतो. बाकीच्यांच्या दाराशी डबी, डबीत किल्ली, आणि बाहेरच्या पायरीवर माणूस. त्या किल्ल्यांपैकी बहुतेक माझ्या यंत्रावर कापलेल्या आहेत, म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे आणि लाज वाटण्याचाही.

आमच्या आडनावाचा अर्थ जुन्या कॉर्निश भाषेत ‘नवे घर’ असा होतो. माझ्यानंतर हे नाव लावणारा एकटा डेन्झिल उरतो, म्हणून नावाला जागायचे काम मीच उरकून घेते.

कलम ४. एडविन क्लेमो यांचे तपकिरी बूट, आठ नंबर, नवा तळ घातलेले, दुकानातल्या तिसऱ्या फळीवर आहेत. हे बूट कोणालाही द्यायचे नाहीत. ते तिथेच राहावेत आणि वर्षातून दोनदा त्यांना पॉलिश व्हावे. का, ते लिहिते. मेरिनने हे कलम वगळ म्हणून दोनदा सांगितले आहे.

एडविन बावीस वर्षे बोलिथोंच्या बेकरीत मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीच्या कडा मुरडायचा. या गावातल्या निम्म्या पोटांनी त्याच्या हातची मुरड खाल्ली आहे. चॅपल स्ट्रीटवर दोन खोल्यांत तो भाड्याने राहायचा. घर विकले गेले, नव्या मालकाने दोन महिन्यांची नोटीस दिली. कारण द्यावे लागत नाही, कायदा तसाच आहे. पाहुण्यांसाठी खोल्यांना पांढरा रंग लागला, भिंतीवर लाकडी मासा आला, कुलूप बदलले. नवा मालक म्हणजे माझा डेन्झिल. नव्या कुलपाच्या सहा किल्ल्या मी कापून दिल्या. किल्ली कापणाऱ्याने दार कोणाचे ते विचारायचे नसते, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. मी चाळीस वर्षे तो पाळला आणि त्या दिवशीही पाळला.

महिन्याभराने एडविन एक जुनी किल्ली घेऊन आला. दात झिजलेत, नवी करून द्या म्हणाला. मी करून दिली. त्या किल्लीचे कुलूपच आता नाही हे मला नंतर कळले, तेव्हा मी त्याला विचारले की मग हिचा उपयोग काय.

“दार नाही हो बाई,” तो म्हणाला, “पण रिकाम्या खिशात हात घालवत नाही.”

पुढे तो माझ्याच दुकानाच्या पायरीवर झोपू लागला. आमचे दार आत खोल आहे, समुद्राचा वारा लागत नाही. मी दुकान उघडायच्या आधी तो पुठ्ठा घडी करायचा, पायरी झाडायचा आणि निघून जायचा. इतकी स्वच्छ पायरी मी स्वतः कधी ठेवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्याला खोकला धरला. आणि मी काय केले, तर कौन्सिलला फोन केला. आमच्या गावाला ही खोडच लागली आहे. कुठे काही बिनसले की शेजाऱ्याचे दार ठोठावण्याआधी आम्ही कौन्सिलला फोन करतो आणि कर्तव्य केले म्हणून चहा ठेवतो. चार नंबरांवर घंटी वाजत राहिली. पाचवा उचलला गेला, तो सार्वजनिक शिस्तीच्या खात्याचा होता. मी सांगितले की माझ्या पायरीवर एक माणूस झोपतो, त्याला थंडी बाधते आहे, कोणाला तरी पाठवा. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पिवळ्या जाकिटातले दोघे आले आणि त्याच्या हातात दंडाची नोटीस देऊन गेले. तक्रारदार म्हणून खाली लिहिले होते: दुकानदार, सात, फोर स्ट्रीट.

माझ्या डोक्यावर तेव्हा पाच खोल्या होत्या. चार रिकाम्या. मी त्याला ‘वर ये’ म्हणायला हवे होते. दोन शब्द होते. मी त्याऐवजी फोन केला. हे मी लिहून ठेवते, कारण माझ्यानंतर कोणी मला दानशूर म्हणू नये.

दंड त्याने भरला नाही, कशातून भरणार. मग कोर्ट. कोर्टाने त्याला बंदरापासून स्टेशनापर्यंत गावात पाऊल टाकायला बंदी केली. पण त्याचे बूट माझ्याकडे तळ घालायला होते. तीन फेब्रुवारीला सकाळी अकराच्या सुमारास तो बूट न्यायला आला आणि पायरीवरच दोन पोलिसांच्या हाती सापडला. मी बूट हातात घेऊन बाहेर धावले. त्याला सोडा म्हणाले, तो माझे गिऱ्हाईक आहे म्हणाले. त्यांच्यातला तरुण होता तो मऊ आवाजात बोलला, म्हणून ते अजून टोचते.

“आजी, तक्रार तुम्हीच केली होतीत ना?”

त्याला आठ आठवड्यांची कैद झाली. त्या आठ आठवड्यांत सरकारने त्याला छप्पर दिले, ब्लँकेट दिले, तीन वेळचे जेवण दिले, दाराला कुलूपसुद्धा दिले. म्हणजे देता येते. फक्त त्यासाठी माणसाला आधी गुन्हेगार व्हावे लागते. सुटला तेव्हा जायचा पत्ता विचारला गेला आणि तो नव्हता. एप्रिलमध्ये तो गावाच्या वेशीवरच्या पाटीपलीकडे, बसच्या थांब्यात मेलेला सापडला. पाटीपासून दोनशे पावले बाहेर. सुटल्यावर बंदी त्याने अखेरपर्यंत मोडली नाही. खिशात एक किल्ली होती. तिच्यावर माझ्या दुकानाचा छाप, म्हणून पोलिसांनी ती मला आणून दिली.

एवढे झाल्यावर मला कोणी सांगू नये की कायदा आहे म्हणून काय करणार. उघड्यावर झोपणे हा गुन्हा असेल, तर तो कोणी केला ते शोधा. झोपलेल्या माणसाने नक्कीच केलेला नाही.

कलम ५. माझा भाचा डेन्झिल यास मी बिस्किटांच्या निळ्या डब्यातले बहात्तर अणकुचीदार लोखंडी खुंटे देते. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना त्याने ते माझ्या पायरीवर ठोकून घेतले, पुन्हा कोणी तिथे झोपू नये म्हणून. “आत्या, तुझ्याच काळजीने केलं गं,” असे म्हणाला. मी घरी आल्यावर टाच उपटायच्या पकडीने एकेक उपटला. बसून करायला तीन दिवस लागले आणि नव्या गुडघ्याला त्याचा फारच फायदा झाला. डेन्झिलने हे खुंटे आपल्या हिरवळीवर लावावेत आणि एक दुपार त्यांवर आडवे व्हावे. तसे केल्यास, मेरिनच्या देखत, आजोबांचे घड्याळही त्यास द्यावे. त्याने या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिल्यास घड्याळ नाही आणि खुंटेही नाहीत. मी त्याच्यावर रागावलेली आहे. लहानपणी त्याला मीच बुटाची नाडी बांधायला शिकवले होते, म्हणून जास्त.

कलम ६. किल्ल्या कापायचे यंत्र घराबरोबर राहावे. ट्रस्टच्या बायकांपैकी एकीला, शक्यतो जिच्याशी माझे पटते तिला, मी ते शिकवले आहे. येणाऱ्या प्रत्येकाची किल्ली त्याच्यासमोर कापावी आणि गरम असतानाच हातात द्यावी. दुसऱ्याची जुनी किल्ली कोणाला देऊ नये. शिलाईचे यंत्र व बूट चढवायचे लाकडी कलबूत ट्रुरोच्या बाजारातल्या चांभाराला द्यावेत, तो भाव करतो पण टाका सरळ घालतो.

कलम ७. माझी बँकेतली शिल्लक छप्पर, पाण्याचे नळ आणि हिवाळ्यातली ऊब यांवर खर्च व्हावी. माझ्या नावाची पाटी त्यातून करू नये. कौन्सिलने परवानगी नाकारली तर वकील लावावा, आणि वकिलाने थकून चालणार नाही.

कलम ८. माझ्या दफनाला केशराचे बन असावेत आणि चहा कडक असावा. कौन्सिलच्या कोणी भाषण करू नये. यायचे असल्यास यावे, मागे उभे राहावे.

कलम ९. साक्षीदारांविषयी. काल मसुदा वाचताना एक गोष्ट झाली, ती मेरिनच्या सल्ल्याविरुद्ध इथे घालते.

माझी दुसरी साक्षीदार मॉर्वेना ओप्पी. ती पाहुण्यांची घरे साफ करते. दर शनिवारी चार घरे, अठरा बिछाने, सगळे कोरे करते आणि मग जुन्या बँकेच्या पायरीवर जाऊन झोपते. तिला मी साक्षीला बोलावले, कारण ती खोटे बोलत नाही आणि डेन्झिलला घाबरत नाही. मेरिनने मसुद्यावर सहीच्या जागेखाली पत्ता लिहायला सांगितला, तशी मॉर्वेनाने पेन खाली ठेवले.

“माझं नको गं,” ती मला म्हणाली. “पत्ता नाही म्हणून तुझा कागद खोटा ठरवतील. दुसरी कोणी बघ.”

मेरिननेही मान हलवली. म्हणाली, “लव्हडेबाई, कायद्याने पत्ता हवाच असं नाही, पण वाद झाला तर साक्षीदार सापडायला हवा.”

मी मॉर्वेनाला तिची पिशवी उघडायला लावली. तिच्यात कौन्सिलच्या चार नोटिसा होत्या, घड्या घालून नीट ठेवलेल्या. चारींवर तिचे नाव आणि नावाखाली छापलेले: जुन्या बँकेची पायरी, फोर स्ट्रीट. चारही हातोहात पोचलेल्या, एकही परत गेलेली नाही.

“दंड द्यायला ही चार वेळा सापडली,” मी म्हटले, “तर साक्षीलाही सापडेल. लिही गं तू.”

मेरिनने चारही नोटिसा वाचल्या आणि स्वतःच पेन उचलून मॉर्वेनाच्या हातात दिले. त्या चारही नोटिसा या मृत्युपत्राला पुरावा म्हणून जोडल्या आहेत.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून या कागदातून मी मॉर्वेनाला काडीही देत नाही. मी अजून जिवंत आहे. जिवंत माणसाने काय द्यावे याला कायद्याची आडकाठी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीचा वेगळा करार मेरिनच्या फाईलीत तयार आहे. किल्ली मी सकाळी कापली. या वेळी मी कोणालाही फोन केलेला नाही.

दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी, आणि माझ्या व एकमेकांच्या देखत त्यांनी, सह्या केल्या.

स्थळ: दुकान, सात, फोर स्ट्रीट, पोर्थकॅरो
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा

(सही) लव्हडे चेनोवेथ

साक्षीदार १: (सही) गेरन्स बोलिथो, बेकरीवाले
पत्ता: बावीस, चॅपल स्ट्रीट, पोर्थकॅरो

साक्षीदार २: (सही) मॉर्वेना ओप्पी, सफाई कामगार
पत्ता: जुन्या बँकेची पायरी, फोर स्ट्रीट, पोर्थकॅरो

टीप, माझ्याच हाताने: वरील पत्ता सही करतेवेळी खरा होता. शाई वाळेपर्यंत बदलला. यापुढे मॉर्वेना ओप्पी हिला काही बजावायचे असल्यास सात, फोर स्ट्रीट येथे यावे आणि दार ठोठावून थांबावे. उघडायचे की नाही ते ती ठरवील.

ल. चे.